पृथ्वीची एक गिरकी २४ तासांची नसते : परिवलन, परिभ्रमण आणि जव्हार-मोखाड्याचं आभाळ



सूर्यमालेचा धडा आला की सोबत एक तक्ता येतोच. ग्रहाचं नाव, परिवलनाचा काळ, परिभ्रमणाचा काळ. तुम्ही तो पाठ करता, परीक्षेत उतरवता आणि आठ दिवसांत विसरता. विसरणारच! आकडा कुठून आला तेच माहीत नसेल तर तो डोक्यात राहील कशाला? म्हणून आज आपण तो तक्ता पुस्तकातून न वाचता अंगणातून वाचणार आहोत. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर रात्रीचा अंधार अजून चांगला दाट असतो. मुंबई-ठाण्यातल्या मुलांना ज्या चांदण्या दिसत नाहीत त्या तुम्हाला दारातून दिसतात. एक घड्याळ (मोबाइलमधलं चालेल), एक वही आणि हे आभाळ, एवढंच साहित्य लागेल.

आधी दोन शब्द पक्के करू. एखादा गोल स्वतःभोवती फिरतो ते परिवलन. तो दुसऱ्या कोणाभोवती फिरतो ते परिभ्रमण. बोलताना आपण पहिल्याला गिरकी म्हणू आणि दुसऱ्याला फेरी. भोवरा गिरकी घेतो, घाण्याचा बैल फेरी मारतो. पृथ्वी दोन्ही एकाच वेळी करते, आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो.

गिरकीचा वेग आपल्याला जाणवत नाही, पण तो थोडाथोडका नाही. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललेली असते. आपण साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत, इथला फेर जरा लहान, म्हणून आपला वेग ताशी सुमारे १५७० किलोमीटर. मोखाडा जव्हारच्या पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य जव्हारच्या आधी उगवायला हवा, आणि उगवतोही. पण फरक फक्त वीस-पंचवीस सेकंदांचा. डोंगर आड येतात म्हणून तो नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, ते सोडा. जव्हारच्या सनसेट पॉइंटवर मात्र ही गिरकी सरळ मोजता येते. सूर्याचं बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत किती वेळ जातो ते बघा. सव्वादोन मिनिटांच्या आसपास भरेल. सूर्य आभाळात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो आणि पृथ्वी एका अंशाला चार मिनिटं घेते, त्याचा हा हिशोब. सूर्य आपल्याकडे जरा तिरका बुडतो म्हणून दोन मिनिटांवर थोडं जास्त. सूर्य तांबडा, मंद झाल्यावरच, तोही क्षणभरच पाहायचा. एरवी सूर्याकडे टक लावून पाहायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

चार मिनिटं जातात कुठे?

आता खरा प्रश्न. शिष्यवृत्तीच्या किंवा कुठल्याही स्पर्धा परीक्षेत विचारतात, 'पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करण्यास किती वेळ लागतो?' पर्यायांत २४ तास असतो आणि २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद असाही असतो. खरं कोणतं?

आज रात्री करून बघा. घराच्या भिंतीला पाठ लावून एका ठरलेल्या जागी बसा. समोरच्या कौलाच्या टोकाआड किंवा विजेच्या खांबाआड एखादी ठळक चांदणी कधी लपते ते घड्याळात पाहून लिहून ठेवा. समजा ८ वाजून ३० मिनिटं झाली. उद्या त्याच जागी, तसंच बसून तीच चांदणी बघा. ती ८ वाजून २६ मिनिटांनीच लपलेली असेल. परवा ८.२२. पंधरा दिवसांत जवळजवळ तासाभराचा फरक पडतो. घड्याळ बिघडलेलं नाही. पृथ्वीने चांदण्यांच्या हिशोबात आपली गिरकी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण केलेली असते, म्हणून चांदणी वेळेआधी जागेवर येते. सूर्य मात्र पुन्हा त्याच जागी यायला सरासरी पूर्ण २४ तास घेतो. कारण या एका दिवसात पृथ्वी सूर्याभोवतीच्या वाटेवर सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते. सूर्याला पुन्हा समोर आणायला तिला एक अंश जास्त वळावं लागतं, आणि एका अंशाला चार मिनिटं. झाला हिशोब पुरा.

म्हणजे दोन्ही पर्याय बरोबर आहेत, 'कोणाच्या तुलनेत?' हे विचारलेलं नाही एवढंच. चांदण्यांच्या तुलनेत मोजलेला तो नाक्षत्र दिन, सूर्याच्या तुलनेत मोजलेला तो सौर दिन. आपली शाळा, एसटी, बाजार सगळं सूर्यावर चालतं, म्हणून घड्याळ २४ तासांचं. परीक्षेत दोन्ही पर्याय असतील आणि प्रश्न परिवलनाचा असेल तर २३ तास ५६ मिनिटांवर खूण करा. नुसता २४ तासांचाच पर्याय असेल तर त्यावर करा, वाद घालत बसू नका.

रोजची ही चार मिनिटं साठत जातात. मृग नक्षत्र तुम्हाला ओळखता येतं का? एका ओळीत तीन चांदण्या, म्हणजे मृगाला लागलेला बाण, आणि त्या रेषेत खाली झगझगीत व्याध. डिसेंबरात अंधार पडल्यावर हे सगळं पूर्वेला उगवताना दिसतं. फेब्रुवारीत त्याच सुमाराला ते डोक्याच्या जरा दक्षिणेला उंच असतं. एप्रिल सरता सरता पश्चिमेला बुडायला टेकतं. आणि जूनमध्ये? दिसतच नाही. ७-८ जूनच्या सुमारास घरातली जाणती माणसं म्हणतात, 'मृग लागला'. लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. सूर्यच तिथे बसल्यावर त्या चांदण्या दिसणार कशा? त्या दिवसा उगवतात आणि दिवसाच मावळतात. नागली-वरईच्या पेरणीच्या तयारीत असलेला शेतकरी ज्या नक्षत्राचं नाव घेतो ते त्या दिवसांत आभाळात दिसत नाही, याची मला मोठी गंमत वाटते. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रं फिरतो, म्हणजे एकेका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास. म्हणून रोहिणी २५ मेच्या सुमारास, मग मृग, मग २१-२२ जूनला आर्द्रा. पावसाची ही नक्षत्रं म्हणजे पृथ्वीच्या परिभ्रमणाचंच वेळापत्रक.

तारप्याच्या नाचातली गिरकी

चार मिनिटं गुणिले ३६५ केलं तर १४६० मिनिटं, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण दिवस. याचा अर्थ असा की वर्षात दिवस ३६५ आणि पाव असतात, पण पृथ्वीच्या गिरक्या होतात ३६६ आणि पाव. एक गिरकी जास्त! मग त्या गिरकीचा दिवस का उगवला नाही?

याचं उत्तर फळ्यावर काढून समजत नाही. तारप्याचा नाच आठवा. भात निघायच्या दिवसांत मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली नाचणाऱ्यांची साखळी. तारप्याकडे पाठ करायची नाही, अशी रीत. आता शाळेच्या मैदानात एकाला मध्ये उभं करा आणि तुम्ही त्याच्याकडे तोंड ठेवून एक फेरी मारा. मधल्याला विचारा, 'मी गिरकी घेतली का?' तो म्हणेल, 'छे, तू तर सारखा माझ्याकडेच बघत होतास.' आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या मैत्रिणीला विचारा. ती म्हणेल, 'घेतली की! आधी तुझी पाठ दिसली, मग एक बाजू, मग तोंड, मग दुसरी बाजू.' दोघंही खरंच बोलतात. तुमची एक गिरकी झाली, पण ती फेरीत जिरून गेली. मधला म्हणजे सूर्य, ओट्यावरची मैत्रीण म्हणजे दूरची चांदणी. पृथ्वीच्या ३६६ गिरक्यांमधली एक अशीच फेरीत जिरते आणि आपल्या वाट्याला दिवस ३६५ येतात.

हे फार पूर्वीच मोजलं गेलं होतं. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमाराच्या आपल्या ग्रंथात ४३ लाख २० हजार वर्षांत पृथ्वी १५८ कोटी २२ लाख ३७ हजार ५०० गिरक्या घेते असं दिलं आहे. भागाकार करून बघा : वर्षाला ३६६.२५८६. पृथ्वी फिरते, हेही त्याने स्पष्ट सांगितलं. या संख्येवरून निघणारा नाक्षत्र दिन आजच्या आकड्याशी सेकंदापर्यंत जुळतो. आपल्या जुन्या ज्योतिर्गणिताचा असा सगळा इतिहास मराठीत आणला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ चा, आणि ते पेशाने शिक्षक होते हे मी प्रत्येक वर्गात मुद्दाम सांगतो.

तारप्याचा नाच चंद्राला तर जसाच्या तसा लागू पडतो. चंद्र पृथ्वीकडे कधी पाठ करत नाही. त्याची गिरकी २७.३ दिवसांची आणि पृथ्वीभोवतीची फेरीही २७.३ दिवसांचीच. म्हणून तुमच्या आजीने जो चंद्र पाहिला त्याचीच तीच बाजू तुम्ही पाहता. पुष्कळ जण यावरून 'चंद्र स्वतःभोवती फिरत नाही' असं लिहितात. ते चूक आहे, का चूक ते आता तुम्हीच सांगाल.

चार पुनवा

पण मग चंद्राचे दोन आकडे का? पुस्तकात एकीकडे २७.३ दिवस आणि दुसरीकडे २९.५ दिवस. पहिला चांदण्यांच्या तुलनेत, दुसरा सूर्याच्या तुलनेत. मघाचाच प्रश्न, मघाचंच उत्तर. चंद्र एका चांदणीपासून निघून पुन्हा तिच्यापाशी २७.३ दिवसांनी येतो. म्हणून नक्षत्रं सत्तावीस, रोजचं साधारण एक. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत मात्र २९.५ दिवस लागतात, कारण तेवढ्यात पृथ्वी पुढे सरकते आणि सूर्याच्या बरोबर समोर यायला चंद्राला आणखी दोन-सव्वादोन दिवस चालावं लागतं.

याचा पुरावा आपल्या महिन्यांच्या नावातच आहे. कार्तिकी पुनवेला चंद्र कृत्तिकांच्या जवळपास असतो. तो पुचकुलीसारखा चांदण्यांचा घोळका तुम्ही पाहिला असेल. सत्तावीस दिवसांनी चंद्र पुन्हा कृत्तिकांपाशी येतो, पण अजून पूर्ण गोल झालेला नसतो. दोन दिवसांनी तो गोल होतो तेव्हा पुढे मृगापाशी पोचलेला असतो. म्हणून तो महिना मार्गशीर्ष. २७.३ आणि २९.५ मधला फरक महिन्याच्या नावात लिहून ठेवलाय, आणि आपण तो पाठ करत बसतो!

आता हा हिशोब आपल्या तालुक्यांत नुसत्या परीक्षेपुरता नाही. दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्टीवर, बांधकामावर. 'जगायला जातो' म्हणतात. तुमच्यापैकी काही जण आईबापांबरोबर जातही असतील. वर्गात ती जागा रिकामी राहते आणि शिकवताना नजर तिकडे जातेच. होळीला गावी यायचं हे मात्र बहुतेकांचं ठरलेलं. होळीला किती दिवस राहिले हे भट्टीवर बसून कसं मोजायचं? कार्तिकी पुनवेनंतर चार पुनवा : मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. चार गुणिले २९.५ म्हणजे ११८ दिवस. पडताळून बघा. २०२४ ची कार्तिकी पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती आणि त्यानंतरची होळी १३ मार्च २०२५ ला. मोजा दिवस. बरोबर ११८ भरतात. जो मुलगा भट्टीवर चंद्र बघून होळीचे दिवस मोजतो त्याने चंद्राचा सूर्यसापेक्ष काळ मोजलेलाच असतो. त्याच्या हातात तक्ता नव्हता एवढंच. तुमच्या वर्गातलं कोणी असं बाहेर गेलं असेल तर हा धडा त्याला फोनवर सांगा. चांदणी चार मिनिटं लवकर येते आणि चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हे भिवंडीतूनही दिसतं.

होळीची तारीख दरवर्षी सरकते ती का? बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि ४६ सेकंद, म्हणजे ३६५.२४२२ दिवस. फरक साधारण ११ दिवस. २०२४ ची होळी २४ मार्चला होती, २०२५ ची १३ मार्चला : अकरा दिवस आधी. असं सरकू दिलं तर होळी एक दिवस पावसात यायची. म्हणून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण झाला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. इंग्रजी कॅलेंडर पाव दिवसाची भरपाई लीप वर्षाने करतं, आपलं पंचांग अकरा दिवसांची अधिक मासाने. दोघांचं दुखणं एकच. गिरकी, चंद्राची फेरी आणि पृथ्वीची फेरी यांचा एकमेकांनी पूर्ण भागाकार जात नाही.

शेजारचे ग्रह

बाकीचा तक्ता आता भरभर वाचता येईल. मोखाड्याहून पूर्वेला घाट चढून गेलं की त्र्यंबकेश्वर. तिथला सिंहस्थ बारा वर्षांनी का येतो? गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांची. म्हणजे एका राशीत सुमारे एक वर्ष, आणि सिंह राशीत परत यायला जवळजवळ बारा वर्षं. २००३, २०१५, आणि आता २०२६-२७. अकरा पूर्णांक शहाऐंशी म्हणजे बाराला थोडं कमी, त्यामुळे कधीतरी कुंभ एक वर्ष अलीकडे घ्यावा लागतो. हरिद्वारचा २०१० नंतर २०२१ मध्ये झाला तो असा. एवढा अवाढव्य गुरू, पण त्याची गिरकी मात्र अवघी ९ तास ५६ मिनिटांची.

शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. बाराने भागा : एका राशीत अडीच वर्षं. तीन राशी म्हणजे साडेसात. साडेसाती हा शब्द इथूनच आला. ती मानायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा (माझं मत विचाराल तर अभ्यास न केल्याचं खापर बिचाऱ्या शनीवर फोडू नये), पण त्यातलं गणित परिभ्रमणाचं आहे. शनीची गिरकी साडेदहा तासांच्या आसपास. मंगळाचं आपल्याशी जुळतं, गिरकी २४ तास ३७ मिनिटं, फेरी मात्र ६८७ दिवस.

सगळ्यात विचित्र शुक्र आणि बुध. शुक्राची चांदणी तुम्ही सगळ्यांनीच पाहिलीये. तिची फेरी २२४.७ दिवसांची आणि गिरकी २४३ दिवसांची, म्हणजे गिरकी वर्षापेक्षा मोठी. शिवाय ती उलट्या दिशेची! तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. उलट फिरत असल्यामुळे इथे फेरीत गिरकी जिरत नाही, उलट भर पडते, आणि एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ११७ दिवसच लागतात. बुधाची गिरकी ५८.६ दिवसांची, फेरी ८८ दिवसांची. तारप्याच्या हिशोबाने करून बघा. दोन फेऱ्यांमध्ये त्याच्या तीन गिरक्या होतात, त्यातल्या दोन फेऱ्यांत जिरतात, उरते एक. म्हणून बुधावर एक दिवस १७६ दिवसांचा, म्हणजे त्याच्या दोन वर्षांएवढा. 'बुधाचा दिवस किती?' असं कोणी विचारलं तर लगेच आकडा फेकू नका, आधी विचारा, 'कोणाच्या तुलनेत?'

युरेनस ८४ वर्षांत एक फेरी मारतो, नेपच्यून सुमारे १६५ वर्षांत. नेपच्यून सापडला १८४६ मध्ये आणि त्यानंतरची त्याची पहिली फेरी २०११ मध्ये पुरी झाली. ज्यांनी तो शोधला त्यांच्यापैकी कोणालाच ती बघायला मिळाली नाही. सूर्यसुद्धा स्वतःभोवती फिरतो, पण तो वायूचा गोळा असल्यामुळे मध्यावर सुमारे २५ दिवसांत आणि ध्रुवांकडे त्याहून दहाएक दिवस उशिरा.

वहीत लिहायचं काम

पंधरा दिवस पुरे. रोज एकाच जागेवरून एका चांदणीची लपायची वेळ लिहा आणि शेजारच्या रकान्यात चंद्र कधी उगवला ते लिहा. ढग असतील त्या दिवशी 'ढग' असंच लिहा, मनाने आकडा भरू नका. पावसाळ्यात हे काम काढूच नका, आपल्याकडे चार महिने आभाळ मिळत नाही. दिवाळीनंतर सुरू करा. मृग आणि कृत्तिकांना घरातली वडीलधारी माणसं काय नावाने ओळखतात तेही विचारून घ्या. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, प्रत्येक घरात वेगळं नाव मिळू शकतं. शेवटच्या पानावर एवढंच काढा : पंधरा दिवसांत चांदणी एकूण किती मिनिटं लवकर आली, त्याला पंधराने भागून काय आलं, आणि ते ३ मिनिटं ५६ सेकंदांच्या किती जवळ आहे.